बांधापलीकडचा हिशेब
(प्रस्तावना)

पुण्याहून लोणावळ्याला निघालेली लोकल देहूरोड सोडते, बेगडेवाडी मागे टाकते आणि घोरावाडीला थांबते. स्टेशन छोटे, उतरणारे थोडे. पण मावळातल्या पाण्याचा विचार करायला याहून सोयीची जागा नाही. घोरवडेश्वराच्या लेण्यांचा डोंगर इथे दोन नद्यांच्या मधोमध उभा आहे. दक्षिणेला सोमाटणे-गहुंज्याच्या अंगाने पवना वाहते, उत्तरेला इंदुरी-देहूच्या अंगाने इंद्रायणी. एक दापोडीला मुळेत मिळते, दुसरी तुळापूरला भीमेत, आणि पुढे दोघींचे पाणी उजनीच्या जलाशयात एक होते. या डोंगराच्या कोणत्याही उतारावर तळे खणा. पावसाळ्यात त्याच्या सांडव्याचे पाणी उजनीची वाट धरणार. पुढच्या लेखांचा विषय मावळातली मत्स्यशेती हा असला, तरी तो मावळात मावणारा नाही. म्हणून हा भूगोल पहिल्याच पानावर मांडला.

मावळ म्हटले की भात आठवतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेल्या वाणाला इंद्रायणीचे नाव मिळाले आणि त्या तांदळाने तालुक्याचे नाव महाराष्ट्रभर नेले. मासा मात्र इथल्या शेतीच्या चर्चेत कधी आला नाही. तो त्याच खाचरांत होता, तरी तो पीक नव्हता. मृगाचे पहिले मोठे पाऊस झाले, ओढे खाचरांना भिडले की अंडी घालायला मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. ते ‘चढणीचे मासे’ धरायला कातकरी आणि ठाकर कुटुंबे, आणि हौसेने बाकीचे गावही, रात्री दिवट्या-बॅटऱ्या घेऊन बाहेर पडते. शिंगटी, वाम, मरळ यांच्या जोडीला काळ्या पाठीचे खेकडे. या अन्नाला बियाणे लागत नव्हते, खत लागत नव्हते, कर्ज तर नाहीच. ते नदीने दिले आणि लोकांनी खाल्ले. त्यातही एक अडचण होतीच: चढणीला हाती लागते ती बहुधा अंड्यांनी भरलेली मादी. पाणी भरपूर आणि माणसे थोडी असेपर्यंत ते खपून गेले. आता पाणी अडले, घाण झाले, माणसे वाढली, आणि जाळ्याच्या जोडीला काही ठिकाणी विजेच्या तारा आणि ब्लीचिंग पावडरही आली. नदीने फुकट द्यायचे दिवस सरत आले, तेव्हा मासा ‘पिकवायचा’ विचार पुढे आला.

जगातही तेच घडले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली जगात प्रथमच मासे, कोळंबी, शिंपले अशा जलचर प्राण्यांचे पाळून मिळालेले उत्पादन पकडून मिळालेल्या उत्पादनापेक्षा जास्त झाले. ५१ टक्के वाटा शेतीचा, उरलेला मासेमारीचा. भारतात २०२२-२३ मध्ये सुमारे १७५ लाख टन मासळी निघाली. त्यातली १३१ लाख टन गोड्या आणि निमखाऱ्या पाण्याच्या अंतर्देशीय क्षेत्रातली होती, समुद्राची केवळ ४४ लाख टन. महाराष्ट्राचे चित्र उलटे आहे: इथे अजून समुद्र पुढे आणि तळी मागे. ते बदलावे म्हणून सरकारने हात सैल सोडले. २०२० साली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली, आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतीच्या दराने वीज, शेतकऱ्यासारखे कर्ज, विमा अशा सवलतींची दारे त्यामुळे उघडली. अशा वेळी तालुक्यातल्या तरुणाने ‘किती गुंठ्यांत किती निघते?’ असे विचारले तर नवल नाही. त्या प्रश्नाची उत्तरे देणाऱ्या पुस्तिका पुष्कळ आहेत. या संग्रहाला त्याच्या पुढचा प्रश्न विचारायचा आहे: जे निघते ते दहा-वीस वर्षे निघत राहील का, आणि त्यासाठी तळ्याबाहेरचे कोण काय भरते?

हा प्रश्न विचारायला मावळासारखी जागा नाही असे मला वाटते. कारण मत्स्यसंवर्धनाचा एक मोठा, नावाजलेला आणि शेवटी डोळे उघडणारा प्रयोग याच तालुक्याच्या माथ्यावर, लोणावळ्याजवळ वळवणला झाला. तो नीट समजून घेतला तर पुढचे निम्मे लेख समजले.

त्याची सुरुवात पुण्यात, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी होते. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनची पाहणी करताना इथल्या माशांची वर्णने लिहिली आणि १८३९ साली ती प्रसिद्ध झाली. मुळा-मुठेतला एक दणकट, मोठ्या खवल्यांचा मासा त्याने ‘खुद्री’ या नावाने नोंदवला. तोच आजचा दख्खनी महाशीर. शास्त्रीय नाव टॉर खुद्री. साइक्सने कोळ्या-भोयांच्या तोंडची नावेच शास्त्रात नेली, म्हणून नुकटा, शिंगटी, कोळस ही नावे आजही जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत लॅटिनच्या वेषात वावरतात. या महाशीरला आळंदी-देहूच्या डोहांत भक्तीचे संरक्षण होते. डोहातला मासा धरायचा नाही, त्याला चुरमुरे घालायचे, हा नेम कोणत्याही कायद्याच्या कितीतरी आधीचा.

नेम डोहापुरता होता. नदी त्याबाहेर बदलत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांनी घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण आणि शिरोता ही धरणे बांधली. पूर्वेला वाहणारे पाणी पश्चिमेला वळवून घाटाखाली सोडायचे आणि त्या उडीतून वीज काढायची, असा बेत होता. १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना मावळाच्या पाण्यावरची वीज मिळू लागली. मागून भिवपुरी आणि भिरा आले. टाटांच्याच मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. माणसांच्या विस्थापनाची ती लढाई इतिहासात नोंदली गेली. माशांच्या विस्थापनाची तेव्हा कोणी नोंद ठेवली नाही. महाशीर हा वाहत्या, थंड, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा मासा. अंडी घालायला तो वर चढतो आणि वाळू-गोट्यांच्या उथळ जागा शोधतो. वाटेत भिंत आली की त्याचा वंश तिथेच अडतो.

१९७० च्या दशकात त्याच टाटा कंपनीच्या वळवणच्या आवारात महाशीरची पैदास सुरू झाली. त्यामागे होते सी. व्ही. कुलकर्णी. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले हे गृहस्थ मुळात शास्त्रज्ञ. मुंबई परिसरातल्या हॉराइक्थिस या चिमुकल्या माशाचे पहिले वर्णन १९४० साली त्यांनीच केले होते. त्यांच्यासोबत आणि त्यांच्यानंतर एस. एन. ओगले यांनी ते काम नेटाने चालवले. काम सोपे नव्हते. रोहू-कटल्याची मादी लाखांनी अंडी देते; महाशीरची अंडी त्या मानाने थोडी, आकाराने मोठी, पिवळसर आणि तळाशी बसणारी. पावसाळ्यात पक्व नर-मादी निवडायच्या, हलक्या हाताने पोट दाबून मादीची अंडी आणि नराचे वीर्य (मिल्ट) काढायचे, कोरड्या भांड्यात एकत्र करायचे आणि मग वाहत्या पाण्याच्या तबकांत पसरायचे. अडीच-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येते, पण पोहत नाही. पोटाखालच्या बलकाच्या पिशवीवर ते काही दिवस जगते आणि उजेड टाळून कोपऱ्यात डोके खुपसून पडून राहते. या काळात पाण्याचा प्रवाह थांबला तर सगळा पाळणा रिकामा. फलित अंडी ओल्या कापसात ठेवून दूर पाठवता येतात, हेही इथेच पक्के झाले, आणि त्यामुळे वळवणचे बीज देशभर जाऊ शकले.

ते गेलेही. अनेक राज्यांतल्या नद्या आणि जलाशयांत वळवणची बोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेली पिल्ले, सोडली गेली. महाशीर वाचवण्याचे देशातले आदर्श उदाहरण म्हणून या केंद्राचे नाव घेतले जाऊ लागले, आणि ते वाजवीच होते. जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत एकेकाळी धोक्यात असलेल्या माशांत मोजला गेलेला टॉर खुद्री पुढच्या मूल्यांकनात त्या वर्गातून बाहेर पडला. कंपनीने त्याचा आनंद जाहीर केला.

या यशाची दुसरी बाजू कावेरीत दिसली. कावेरीचा स्वतःचा एक महाशीर आहे. पाठीला उंचवटा, पर नारिंगी, वजन काही वेळा पन्नास किलोच्या घरात. जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. ब्रिटिश काळापासून गळाने मासे धरणारे शौकीन त्याच्यासाठी कर्नाटकात येत. त्याच नदीत, सद्हेतूनेच, लोणावळ्याचा निळ्या परांचा महाशीर, म्हणजे टॉर खुद्री, सोडला गेला. धरलेला मासा मोजून पुन्हा पाण्यात सोडायचा, असा तिथल्या गळाच्या मासेमारीच्या शिबिरांचा नियम होता, म्हणून १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी उपलब्ध राहिल्या. अभ्यासकांनी त्या तपासल्या तेव्हा दिसले की निळ्या परांचा पाहुणा वाढत गेला आणि नारिंगी परांचा यजमान जवळजवळ दिसेनासा झाला. वाळूउपसा, धरणे, सुरुंग लावून केलेली मासेमारी यांचाही त्यात हात आहे. सगळा दोष लोणावळ्याच्या बोटुकलीवर टाकणे अन्याय होईल. पण त्या नदीत तिची काही गरज नव्हती, हे निर्विवाद. गंमत अशी की कावेरीच्या त्या माशाचे शास्त्रीय नाव, टॉर रेमादेवी, २०१८ साली निश्चित झाले आणि त्याच वर्षी तो ‘अतिधोक्यात’ या वर्गात गेला. त्याची ओळख पटेपर्यंत त्याची जागा दुसऱ्याने घेतली होती.

एकाच केंद्रातले, एकाच कौशल्याने वाढवलेले बीज एका नदीत संवर्धन ठरते आणि दुसऱ्या नदीत अतिक्रमण. बीज चांगले होते, माणसे जाणती होती, हेतू स्वच्छ होता. मोजणी मात्र किती बोटुकली तयार झाली आणि किती सोडली इथे थांबली. सोडल्यानंतर काय झाले, ते सोडणाऱ्यांपैकी कोणी मोजले नाही. तळ्याच्या बांधाच्या आत सगळे बरोबर असूनही बांधापलीकडे चूक होऊ शकते. या संग्रहाचे म्हणणे एवढेच आहे, आणि पर्यावरण, पैसा आणि समाज हे तिन्ही विभाग त्याच एका सूत्रात ओवलेले आहेत.

पर्यावरणापासून सुरुवात करू. मत्स्यशेती म्हणजे एकच धंदा नव्हे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी चरतो. तिघे एका तळ्यात एकमेकांच्या पानात हात घालत नाहीत. शेणखत, भाताचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड यांवर ही तिकडी बरी वाढते. असे तळे नीट राखले तर ते शेताचाच भाग होते: गाळ खाचरात जातो, पाणी भाजीला. पंगस, तिलापिया किंवा मागूर दाटीने वाढवणे हा वेगळा धंदा. तिथे गोळीखाद्य विकत आणावे लागते आणि पाण्यावर भार पडतो. पिंजरा पद्धतीचा उदाहरणापुरता हिशेब करू. आपल्याकडच्या योजनांतला एक पिंजरा साधारण ९६ घनमीटरचा. त्यातून तीन टन मासा काढायचा आणि किलोमागे दीड किलो खाद्य लागते असे धरले, तर साडेचार टन कोरडे खाद्य त्या पाण्यात पडते. माशाच्या अंगात तीन चतुर्थांश पाणीच असते. म्हणजे खाद्यातल्या नत्र-स्फुरदाचा बराच भाग माशाबरोबर बाहेर न येता विष्ठेच्या आणि न खाल्लेल्या गोळ्यांच्या रूपाने जलाशयातच राहतो. दहा पिंजऱ्यांनी मोठ्या जलाशयाचे काही बिघडत नाही. शंभरांनी बिघडू शकते. पवनेसारख्या, लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयाबाबत किती पिंजरे, कुठे, आणि वर्षातून किती वेळा पाणी तपासायचे, हे आधी ठरवले पाहिजे. एकदा मंजुऱ्या दिल्यावर तो प्रश्न विचारण्यात अर्थ उरत नाही.

मग निसटलेल्या माशांचा प्रश्न. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अशा ठिकाणी ‘आमच्या तळ्यातला मासा बाहेर जात नाही’ हे वाक्य जुलै महिन्यात टिकत नाही. तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला तो गरिबांचा प्रथिनांचा आधार म्हणून. आज उजनीच्या जाळ्यांत ‘चिलापी’ किती आणि देशी मासा किती, हे तिथला कोणताही भोई सांगेल. काचेच्या टाकीतला शेवाळ खाणारा सकर मासा घरातून ओढ्यात आणि ओढ्यातून पुण्याच्या नद्यांत व उजनीत पोहोचला. त्याच्या कडक काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. आफ्रिकन मागुराच्या पैदाशीवर २००० सालापासून बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने तो नष्ट करण्याचे आदेश दिले, पुणे जिल्ह्यासह राज्यात तळी उपसली गेली, तरी ते बीज चोरून येतच राहते. कारण साधे: तो घाणीत जगतो, कत्तलखान्यातले टाकाऊ खातो आणि लवकर वजन धरतो. बंदी कागदावर असली तरी नफा पाण्यात आहे.

मत्स्यशेतकरी नेहमी गुन्हेगार असतो असे मात्र नाही. बहुतेक वेळा तोच पहिला बळी असतो. इंद्रायणीत लोणावळ्यापासून आळंदीपर्यंत सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळते. आळंदीच्या घाटावरचा पांढरा फेस आता वारीच्या बातम्यांचा नेहमीचा भाग झाला आहे, आणि देहूच्या डोहात मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्याही येऊन गेल्या आहेत. अशा नदीतून पंपाने पाणी उचलून तळे भरणाऱ्याची पहाट काळजीतच उगवते, कारण पाण्यातला प्राणवायू पहाटेच सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले की समजायचे, कालपर्यंतचा हिशेब बुडाला. स्वच्छ नदीची मागणी वारकऱ्याची आहे तशी मत्स्यशेतकऱ्याचीही आहे. या दोघांनी अजून एकत्र येऊन ती केलेली नाही.

पैशाच्या बाजूने या धंद्याचा इतिहास आशेचा आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून देशी कार्प माशांकडून तळ्यात अंडी घालून घेतली. त्याआधी बीज म्हणजे नदीतून गाळून आणलेले मिश्र पिल्लू; त्यात रोहू किती आणि नको तो मासा किती, हे वाढल्यावरच कळे. त्या प्रयोगानंतर जिरे, अर्धबोटुकली, बोटुकली असे क्रमाने विकत मिळू लागले. १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. आज अडचण बियाण्यापेक्षा बाकीच्या तीन जागी आहे. पहिली, खाद्य: विकतच्या खाद्यावर चालणाऱ्या शेतीत खर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा तेच खाते. दुसरी, बाजार: पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात आंध्रातून बर्फात येणाऱ्या रोहू-कटल्याशी भावाची स्पर्धा मावळातला छोटा शेतकरी करू शकत नाही. त्याची खरी ताकद ताजेपणात आणि जवळिकीत आहे. तळेगाव, लोणावळा, पिंपरी-चिंचवडचे गिऱ्हाईक त्याच्या दाराशी आहे. तिसरी, वेळ: इथली थंडी माशाची वाढ मंदावते, आणि उन्हाळ्यात तळे आटू लागले की किलोभराचा होण्याआधीच मासा काढावा लागतो. अनुदानाच्या कागदावर दिसणारे उत्पन्न या तीन गोष्टी धरत नाही.

शंख-शिंपल्यांच्या आणि कोळंबीच्या शेतीचा मावळाशी थेट संबंध कमी, पण तिथला धडा मोठा. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी तळ्यात वाढते, पण तिच्या पिल्लांना सुरुवातीला निमखारे पाणी लागते. त्यामुळे मावळातला शेतकरी बीजासाठी कायम किनाऱ्यावर अवलंबून. किनाऱ्यावरच्या कोळंबी शेतीने तर चढ आणि उतार दोन्ही टोकाचे पाहिले. १९९० च्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने तळीच्या तळी ओस पडली. भातजमिनी आणि विहिरी खाऱ्या झाल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्या, आणि डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने किनारपट्टीच्या नियंत्रित क्षेत्रातली कोळंबी तळी हटवण्याचा आदेश दिला. पुढे २००५ साली किनारी जलसंवर्धनासाठी वेगळा कायदा आला, कोळंबीच्या वॅनामी जातीने धंदा पुन्हा उभा केला, आणि २०२५ साली अमेरिकेने आयातशुल्क वाढवताच तोच धंदा पुन्हा हादरला. आंध्रातल्या कोल्लेरू सरोवरात माशांच्या तळ्यांनी सरोवरच गिळायला घेतले, तेव्हा २००६ साली सरकारला ते बांध फोडावे लागले. याउलट सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या खाड्यांत शिणाणे आणि कालवे वाढवायला खाद्य लागत नाही. ती पाणी गाळून जगतात. पण त्याच गुणामुळे पाण्यातली घाणही त्यांच्या मांसात उतरते, म्हणून खाडी स्वच्छ असेल तरच तो धंदा चालतो. कमी खर्चाची शेती पाण्याच्या शुद्धतेवर जास्त अवलंबून असते, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

समाजाचा प्रश्न सर्वांत कमी चर्चिला जातो, म्हणून इथे जरा थांबू. मावळात पाणी कोणाचे हा वाद पुस्तकी नाही. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ शेतकरी उतरले, आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन जण गेले. पवना, वडिवळे, आंद्रा या जलाशयांत ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या घरातल्या नव्या पिढीला त्या पाण्यावर निदान मासेमारीचा पहिला हक्क असावा, अशी अपेक्षा रास्त आहे. नियमही त्या दिशेचे आहेत: पाटबंधाऱ्याच्या तलावांतल्या मासेमारीचा ठेका काही वर्षांच्या मुदतीने दिला जातो आणि त्यात स्थानिक मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना प्राधान्य असते. व्यवहारात अनेकदा कागदावर संस्था आणि पाण्यात ठेकेदार असे होते. संस्थेकडे बीज आणि ठेक्याच्या रकमेइतके भांडवल नसते. ते पुरवणारा माणूस मग भावही ठरवतो आणि जाळे कोणी टाकायचे तेही. सभासद आपल्याच तलावावर रोजंदारीने काम करतो.

त्याच्याही खाली कातकरी आहेत. राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी ही एक. त्यांच्याकडे जमीन नाही, म्हणून शेततळ्याचे अनुदान नाही. संस्थेचे सभासदत्व नाही, म्हणून ठेका नाही. त्यांचा मासा नेहमी नदीतला आणि ओढ्यातला, म्हणजे कोणाच्याच मालकीचा नसलेला. ओढा एका तळ्यासाठी अडवला किंवा नदी सांडपाण्याने मेली, तर त्यांच्या ताटातली प्रथिने गेली. पण ती कोणत्याही आकडेवारीत कधी नव्हतीच, त्यामुळे गेल्याचीही नोंद होत नाही. तालुक्याचे मत्स्योत्पादन वाढले असे अहवालात येते त्याच वर्षी एखाद्या वाडीचे मासे खाणे निम्मे झालेले असू शकते. बाजारात मासळी विकणाऱ्या बायकांचेही तसेच. तळ्यावरून थेट हॉटेलांना जाणारा मासा त्यांच्या पाटीला वळसा घालून जातो. टिकाऊ शेतीच्या व्याख्येत ही माणसे बसत नसतील, तर व्याख्याच अपुरी आहे.

या संग्रहातले लेखक मत्स्यशेतीच्या विरोधात नाहीत. मीही नाही. डोहातल्या माशाला हात न लावण्याचा नेम आणि तळ्यात मासा पिकवण्याचे शास्त्र ही दोन्ही याच नदीच्या काठची आहेत, आणि दोन्हींची गरज आहे. माझी सूचना उलट अधिक मत्स्यशेतीची आहे, पण वेगळ्या क्रमाने. घोरावाडीहून तासाभराच्या आत पोहोचता येईल इतक्या अंतरावर देशी माशाची अंडी उबवण्याचे पन्नास वर्षांचे कौशल्य आहे. ते दूरच्या नद्यांत निर्यात करण्यापेक्षा इंद्रायणी-पवनेच्या स्वतःच्या छोट्या देशी माशांसाठी वापरले तर? खाचरांत, शेततळ्यांत आणि गावतळ्यांत रोहू-कटल्याच्या जोडीला इथलीच जात वाढवली, आणि ती निसटली तरी आपल्याच नदीत निसटली, तर पावसाळा हा धोका न राहता मदतनीस होईल. पहिली दोन-तीन वर्षे उत्पादन कमी दिसेल. त्या काळात अनुदान टनांवर न देता पाण्याच्या प्रतीवर, बीजाच्या मूळ नदीवर आणि संस्थेच्या सभासदांच्या हाती प्रत्यक्ष किती पैसे पडले यावर द्यावे.

तोवर एक छोटी गोष्ट लगेच करता येण्याजोगी आहे. तळ्याच्या अनुदानासाठी अर्ज करताना जमिनीचा सातबारा, तळ्याचे क्षेत्रफळ, बीजाची जात असे सगळे लिहावे लागते. त्याखाली आणखी दोन ओळी वाढवाव्यात: या तळ्याचा सांडवा कोणत्या ओढ्याला मिळतो, आणि त्या ओढ्यावर आज कोण मासे धरते? पहिल्या ओळीचे उत्तर शेतकऱ्याला शिवारात फिरून मिळेल, दुसरीचे वाडीवर जाऊन विचारल्यावर. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यानेही ती दोन्ही उत्तरे वाचून मगच सही करावी. पुढचे लेख वाचताना वाचकाने हे दोन प्रश्न प्रत्येक आकड्याशेजारी लिहून पाहावेत. जिथे उत्तर मिळणार नाही, तिथला नफा अजून पक्का झालेला नाही असे समजावे.